लांब चेतातंतूंचे आजार: बारामती-इंदापुरातील कामातून

चेतापेशी ही शरीरातील इतर पेशींसारखीच एक पेशी असली, तरी तिची लांबी हा तिच्यापुढचा सर्वांत मोठा प्रश्न असतो. जिचा मुख्य भाग, म्हणजे पेशीकाय, कमरेजवळच्या मज्जारज्जूत आहे आणि जिचा तंतू तळपायाच्या स्नायूंपर्यंत पोचतो, अशा पेशीची लांबी प्रौढ माणसात सुमारे एक मीटर भरते. प्रथिने तयार करण्याचे बहुतेक काम मात्र पेशीकायातच होते, त्यामुळे टोकाला लागणारा जवळजवळ सगळा माल वरून खाली वाहून न्यावा लागतो आणि टोकाशी जीर्ण झालेले भाग व तिकडून येणारे संदेश वर परत आणावे लागतात. या लांब तंतूला अक्षतंतू आणि त्यातून चालणाऱ्या ने-आणीला अक्षतंतूतील वाहतूक म्हणतात. ती घडवणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत बदल झाला, तर चालण्यात हळूहळू वाढत जाणारे दोष निर्माण होतात. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या कुटुंबांच्या नोंदी ठेवणे, वंशावळी काढणे आणि तपासणीचे अहवाल समजावून सांगणे या कामातून जे उमगत गेले, ते येथे मांडले आहे. त्यातील मुख्य म्हणणे असे, की या आजारांत जनुकाचे नाव कळण्याला जितके महत्त्व आहे, तितकेच घरातल्या कोणाकोणाची विचारपूस झाली यालाही आहे, आणि ही विचारपूस बहुतेक वेळा लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींपाशी तुटते.

वाहतुकीचा मार्ग सूक्ष्मनलिकांचा असतो. ट्युब्युलिन या प्रथिनाचे रेणू एकापुढे एक जुळून पोकळ नळ्या तयार होतात, आणि या नळ्यांना दिशा असते. अक्षतंतूत त्यांचे वाढते टोक पेशीकायापासून दूरच्या बाजूला असते. या दिशेमुळेच वाहून नेणाऱ्या प्रथिनांना पुढे आणि मागे यांतला फरक कळतो. १९८५ मध्ये रोनाल्ड व्हेल, थॉमस रीझ आणि मायकेल शीट्झ यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूतून अशा एका प्रथिनाचा शोध लावला आणि त्याला कायनेसिन हे नाव मिळाले. कायनेसिनला दोन डोकी असतात, ती आळीपाळीने नळीला पकडतात आणि सोडतात, आणि एटीपी या ऊर्जावाहक रेणूचा एक कण खर्च करून ते आठ नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या सव्वा लाखाव्या भागाइतके, एक पाऊल टाकते. परतीच्या दिशेने डायनिन हे दुसरे, आकाराने बरेच मोठे प्रथिन काम करते आणि त्याला मालाशी जोडण्यासाठी डायनॅक्टिन नावाच्या प्रथिनसमूहाची मदत लागते. टोकाकडे जाणाऱ्या मालात पुटिका असतात, म्हणजे पातळ पटलाच्या सूक्ष्म पिशव्या, ज्यांतून पुढच्या पेशीला रासायनिक संदेश दिला जातो. तसेच ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकाही असतात. पुटिकांची जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे मीटरभर अंतर अडीच दिवसांत कापले जाते. उलट पेशीच्या सांगाड्याची प्रथिने ज्या संथ वाहतुकीने जातात, तिचा वेग दिवसाला एक मिलिमीटरच्या आसपास असल्याने कमरेत तयार झालेला रेणू तळपायाशी पोचायला पावणेतीन वर्षे लागू शकतात. एवढा काळ वाटेत असलेल्या मालाला कोठेही अडथळा आला, तर त्याचा परिणाम दिसायलाही वर्षे लागणार, हे या आकड्यांवरूनच कळते, आणि हे आजार इतक्या सावकाश का उलगडतात याचा काही उलगडा त्यातून होतो.

या भागातील घरांत ही गोष्ट समजावताना नीरा डाव्या कालव्याचा दाखला सर्वांत लवकर पटतो. वीर धरणातून सुटलेले आवर्तन बारामती तालुक्यातून सरकत इंदापूरच्या टेलपर्यंत जाते, आणि वर कोठेही प्रवाह मंदावला, गाळ साचला किंवा फूट पडली, तर त्याची झळ आधी टेलच्या शेतकऱ्याला बसते, हे येथील शाळकरी मुलालाही माहीत असते. वाहतुकीतला दोष शरीरातील बहुतेक सर्व चेतापेशींत असूनही तक्रार पायांपासूनच का सुरू होते, हात बरेच उशिरा का बिघडतात आणि चेहरा बहुधा शाबूत का राहतो, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्यात येते. कमी लांबीच्या पेशी सदोष वाहतुकीवरही निभावून नेतात, तर सर्वांत लांब पेशींची टोके आधी सुकतात, आणि ऱ्हास टोकाकडून पेशीकायाकडे मागे सरकत जातो.

लांब तंतूंचे दोन वेगळे पट्टे असल्यामुळे आजारांचीही दोन रूपे दिसतात. मेंदूपासून मज्जारज्जूत खाली उतरणारे तंतू बिघडले, तर पायांत जोर असूनही ताठरपणा येतो, गुडघे वाकत नाहीत, मांड्या एकमेकींना घासतात आणि पाऊल उचलताना पुढचा भाग जमिनीवर ओढला जातो. या गटाला आनुवंशिक ताठर पक्षाघात म्हणता येईल. मज्जारज्जूपासून पायापर्यंत जाणारे तंतू बिघडले, तर पाऊल लोंबते, पोटरी बारीक होते, तळपायाची कमान उंच होते आणि संवेदना कमी होते. या गटाला त्याचे वर्णन करणाऱ्या तीन वैद्यांच्या नावांवरून शार्को-मारी-टूथ आजार म्हणतात. तपासणीच्या टेबलावर रुग्ण आडवा होण्याआधीच दाराशी काढून ठेवलेली चप्पल या दोन रूपांतला फरक पुष्कळदा सांगून जाते. ताठर पायांच्या माणसाची चप्पल अंगठ्याच्या बाजूला तिरकी झिजलेली असते, टाच जवळजवळ नवी राहते आणि अंगठ्याजवळचा पट्टा चांभाराकडून पुन्हा पुन्हा शिवून घेतलेला असतो. संवेदना गेलेल्या माणसाची चप्पल मात्र चालता चालता पायातून निसटते आणि त्याला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून घरच्यांनी मागे पट्टा असलेली सँडल घेऊन दिलेली असते. चपलेकडे पाहण्याला खर्च काही लागत नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याने ही सवय लावून घ्यावी इतकी ती उपयोगी आहे.

तक्रार नेमकी कधी सुरू झाली, हे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते, कारण इतक्या संथ आजाराला पहिला दिवस नसतो. येथे मात्र एक मोजपट्टी आयती मिळते. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी असे करत इंदापूरला येते, आणि या पट्ट्यातील असंख्य घरांत कोणी ना कोणी दरवर्षी काही मुक्काम तरी पायी चालतो. ‘कोणत्या वारीला दिंडीबरोबर चालता आलं नाही?’ असे विचारले, की वर्ष अचूक सांगितले जाते, त्याच्या आदल्या वर्षी रिंगणात धावता आले होते की नाही हेही आठवते, आणि त्यावरून आजार दर वर्षाला किती पुढे सरकला याचा बऱ्यापैकी विश्वासार्ह आलेख काढता येतो.

जनुकांकडे वळण्याआधी बरे होणारे आजार बाजूला काढणे हा या कामाचा पहिला धर्म आहे. ब-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने मज्जारज्जूतील हेच लांब तंतू बिघडतात आणि चालणे जवळजवळ तसेच ताठर व डळमळीत होते. माळकरी घरांत, जेथे मांसाहार वर्ज्य आहे आणि दूध विकून हाती येणाऱ्या पैशावर घर चालत असल्याने घरात दूध कमीच उरते, तेथे ही शक्यता नेहमी लक्षात ठेवावी लागते. मणक्याचा क्षय, मानेतील मज्जारज्जूवर येणारा दाब, मधुमेह आणि कुष्ठरोग यांचीही तपासणी व्हावी लागते, कारण या प्रत्येकावर उपचार आहेत आणि वेळ गेल्यावर ते तितके चालत नाहीत. कोपरामागची किंवा गुडघ्याजवळची नस बोटांना जाड लागते का, हे न पाहता एखाद्याला आनुवंशिक आजाराचा शिक्का मारणे हा अन्याय ठरतो. ‘नस दबली’ किंवा ‘वारं गेलं’ या घरगुती निदानावर वर्षानुवर्षे चोळणे-शेकणे चालते, पण त्याबद्दल कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही; इंदापूरच्या वाडीवस्तीवरून पुण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचे म्हणजे जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटरांहून अधिक प्रवास आणि एका दिवसाची मजुरी बुडणे, आणि तेही सोबतच्या माणसाची धरून दोघांची.

या वाहतुकीची आनुवंशिकी माणसांच्या आधी एका कृमीत आणि एका माशीत उलगडली, आणि त्या कथेत मुंबईचा वाटा मोठा आहे. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या एक मिलिमीटर लांबीच्या कृमीतील ज्या अनेक उत्परिवर्तनांची यादी प्रसिद्ध केली, त्यात धड हालचाल न करणाऱ्या कृमींचा एक मोठा गट होता आणि त्यांच्या जनुकांना ‘अंक’ (unc) हे नाव व क्रमांक दिले गेले. त्यांपैकी अंक-१०४ हे जनुक कायनेसिनच्याच कुळातील एक प्रथिन तयार करते आणि ते बिघडले की पुटिका टोकापर्यंत न जाता पेशीकायात साचून राहतात, हे डेव्हिड हॉल आणि एडवर्ड हेजकॉक यांनी १९९१ मध्ये दाखवले. या कृमीच्या प्रौढ उभयलिंगी रूपात अवघ्या ३०२ चेतापेशी असतात आणि शरीर पारदर्शक असते, म्हणून चमकणारे प्रथिन जोडलेली पुटिका जिवंत प्राण्याच्या आत चालताना सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहता येते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, संध्या कौशिका यांचा गट याच कृमीवर काम करतो. मालाला घट्ट धरू न शकणाऱ्या अंक-१०४ प्रथिनाला पेशी नष्ट करून टाकते हे त्यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले, आणि अक्टिन या दुसऱ्या तंतुमय प्रथिनाची दाटी असलेल्या जागी पुटिका अडकून पडतात आणि निरोगी पेशीतही अशा कोंड्या होतात, हे २०१८ मध्ये मांडले. याच संस्थेत रूप मलिक यांनी डायनिन आणि कायनेसिन एकाच पुटिकेला विरुद्ध दिशांनी ओढतात तेव्हा काय होते, याचा भौतिकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला, आणि प्रेरक प्रथिनांवरील कामासाठी त्यांना २०१८ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

त्याही मागे जायचे तर ओबेद सिद्दीकी यांचे नाव घ्यावे लागते. त्यांनी १९६२ मध्ये टीआयएफआरमध्ये रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. योगायोगाने त्याच वर्षी बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले आणि या भागातील मुलामुलींना विज्ञान शिकण्यासाठी पुणे गाठण्याची सक्ती उरली नाही. सिद्दीकी आणि सेमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ‘कोमाटोज’ या जनुकाचे प्रथिन पुटिकांच्या पटलांचे मीलन चालू ठेवण्यासाठी लागते, हे पुढे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. अशाच लुळ्या पडणाऱ्या ‘शिबिरे’ या दुसऱ्या माशीच्या जनुकातून डायनॅमिन हे प्रथिन हाती लागले आणि माणसातील एका डायनॅमिन जनुकाचे दोष शार्को-मारी-टूथ आजाराच्या एका प्रकाराला कारण ठरतात, हे २००५ मध्ये कळले. पिकलेल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या माशीपासून तालुक्यातील रुग्णाच्या पायापर्यंतचा हा धागा विद्यार्थ्यांना दाखवला, की मूलभूत संशोधनाचा उपयोग काय, हा प्रश्न वर्गात पुन्हा विचारला जात नाही.

माणसात अंक-१०४ चे समकक्ष जनुक केआयएफ१ए हे आहे. २०११ या एकाच वर्षी त्याच्या दोषांशी तीन वेगळी चित्रे जोडली गेली: ताठर पक्षाघात, संवेदना नाहीशी होणारा एक चेताविकार, आणि बौद्धिक विकासाला बाधा आलेली मुले. त्याच्या जवळचे केआयएफ५ए हे जनुक आणखी विचार करायला लावते. त्यातील डोक्याच्या भागातला बदल ताठर पक्षाघात घडवतो हे २००२ मध्ये कळले होते. २०१८ मध्ये त्याच जनुकाच्या शेपटीकडील बदल एएलएस या स्नायू झपाट्याने क्षीण करणाऱ्या प्राणघातक आजाराशी जोडले गेले. डोके बिघडले तर चालणे बिघडते, आणि शेपूट बिघडली तर प्रथिनाला विश्रांतीच्या स्थितीत ठेवणारा लगाम सुटतो व ते वेळी-अवेळी कामाला लागते, असे आजचे आकलन आहे; एकाच जनुकातील दोन बदलांमुळे एका कुटुंबाला पन्नास वर्षांचे संथ अपंगत्व आणि दुसऱ्याला काही वर्षांतला मृत्यू पदरी येऊ शकतो. म्हणून अहवालात जनुकाचे नाव वाचून थांबणे धोक्याचे असते. बदल नेमका कोठे आहे हे पाहिल्याशिवाय कुटुंबाशी एक शब्दही बोलू नये. ताठर पक्षाघाताच्या प्रभावी, म्हणजे जनुकाची एकच सदोष प्रत पुरते अशा, प्रकारांत सर्वांत अधिक आढळणारे स्पास्टिन हे जनुक, जे १९९९ मध्ये सापडले, ते वाहकाचे नसून मार्गाचे आहे: त्याचे प्रथिन सूक्ष्मनलिकांचे तुकडे करून त्यांची फेररचना घडवते. शार्को-मारी-टूथच्या एका प्रकाराचे श्रेय २००१ मध्ये केआयएफ१बी या कायनेसिनला दिले गेले होते, पण त्याच गुणसूत्रावर जवळच असलेले मायटोफ्युसिन-२ हे तंतुकणिकांच्या जुळणीचे जनुक बहुतेक कुटुंबांत दोषी असल्याचे २००४ मध्ये दिसले. परतीच्या वाटेवरील डायनिन आणि डायनॅक्टिन यांच्या जनुकांचेही आजार आहेत. ताठर पक्षाघाताशी आजवर ऐंशीहून अधिक जनुकीय स्थाने जोडली गेली आहेत, आणि त्यांतील पुष्कळ प्रथिने वाहतूक, पटलांची घडण किंवा तंतुकणिका या तीनांपैकी कशाशी तरी संबंधित आहेत.

वंशावळ काढणे हे या कामातील सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत फलदायी अंग आहे. कागदावर पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, बाधित व्यक्तीचा आकार भरलेला आणि नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी रेघ अशी साधी चिन्हे असतात. प्रश्न सुरू झाले की घरातील कर्ता पुरुष पणजोबांपासूनची नावे घडाघडा सांगतो, चुलते, चुलत भाऊ, सगळी भावकी येते, आणि शेवटी तो म्हणतो, ‘साहेब, आमच्या घराण्यात असं कुणालाच नव्हतं.’ कागदावर तेव्हा बहुतेक चौकोनच असतात. मग बहिणी, आत्या आणि त्यांची मुले यांच्याबद्दल मुद्दाम, नावानिशी, एकेकीबद्दल विचारावे लागते, कारण सातबाऱ्यावर जी नावे नाहीत ती पुरुषांच्या आठवणीतही मागे पडलेली असतात. उंबऱ्याशी बसलेली आजी अशा वेळी बोलते: ‘आत्याबी अशीच चालायची की. गुडघं धरलेत म्हणायचे तिला.’ मग दौंडला किंवा करमाळ्याला दिलेल्या त्या आत्याच्या घरी फोन लावला जातो, तिच्या मुलाला वयाच्या तिशीतच एस.टी.ची पायरी चढता येत नाही असे कळते, आणि एकट्यादुकट्याचा वाटलेला आजार तीन पिढ्यांचा निघतो. प्रभावी आजारात बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, बदल मिळण्याची शक्यता निम्मी असते. स्पास्टिनच्या बाबतीत तर एकाच घरात कोणाला बालपणी, कोणाला साठीनंतर लक्षणे दिसू शकतात, त्यामुळे सौम्य बाधा झालेली आत्या संधिवाताची रुग्ण म्हणूनच आयुष्य काढते. अर्धी वंशावळ विचारली, तर अर्धा आजारच हाती लागतो.

अप्रभावी आजारांचे गणित वेगळे असते. त्यांत आई आणि वडील दोघांकडून जनुकाची सदोष प्रत यावी लागते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल ज्या समाजांत आहे तेथे दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. पण हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. नात्यातल्या बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच असतात, आणि त्या लग्नाला पाप ठरवण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. त्याने एवढेच स्पष्ट करावे, की ज्या घरात एक बाधित मूल झाले आहे तेथे प्रत्येक पुढच्या गरोदरपणात शक्यता चारात एक आहे, आणि आधीचे मूल बाधित झाले म्हणून ती कमी होत नाही.

सर्वांत अवघड संवाद तिसऱ्या प्रकारात होतो. केआयएफ१ए चे प्रभावी बदल पुष्कळ वेळा नव्याने घडलेले असतात, म्हणजे आई-वडील दोघांच्याही रक्तात ते नसतात. बीजपेशी तयार होताना किंवा गर्भधारणेच्या अगदी सुरुवातीला डीएनएची नक्कल करताना ती चूक झालेली असते. अशा मुलाच्या घरी तोवर दोष वाटून झालेला असतो: सुनेचा पायगुण, तिच्या माहेरचे रक्त, ग्रहणात चिरलेली भाजी, राहून गेलेला जेजुरीचा नवस. आई-वडिलांचे रक्त तपासून बदल दोघांतही नाही हे दाखवता आले, तर ते सासू-सासऱ्यांच्या उपस्थितीत, घाई न करता आणि अहवालावर बोट ठेवून सांगावे. त्या मुलाच्या पायांना त्यातून काही मिळत नाही, पण आईला घरात पुन्हा मान वर करून बोलता येते, आणि या कामातून मिळणाऱ्या मोजक्या निश्चित फळांपैकी हे एक आहे. पुढच्या अपत्याबाबत धोका फार कमी असतो, शून्य मात्र नसतो, कारण क्वचित आई किंवा वडिलांच्या काही बीजपेशींतच तो बदल दडलेला असू शकतो. हेही त्याच बैठकीत सांगावे लागते.

हीच वाहतूक बाहेरून आलेले शत्रूही वापरतात, आणि ग्रामीण भागात तो विषय दुय्यम नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून शिरलेला रेबीजचा विषाणू नसेच्या टोकातून आत जातो आणि डायनिनच्या परतीच्या वाहतुकीवरून मज्जारज्जू व मेंदूकडे सरकतो. चावा पायाला असेल तर वाट लांब, चेहऱ्याला असेल तर आखूड, म्हणून मुलांच्या चेहऱ्यावरचे चावे अधिक तातडीचे असतात. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे यामागे विषाणूला त्या वाटेवर चढूच न देण्याचा हेतू आहे. धनुर्वाताचे विषही अशाच परतीच्या प्रवासाने मज्जारज्जूत पोचते. ते रक्तातून सर्व नसांच्या टोकांशी एकाच वेळी जात असल्याने ज्या नसा सर्वांत आखूड, तेथे परिणाम आधी दिसतो, आणि खुरप्याची जखम पायाला असूनही पहिल्यांदा जबडा आवळला जातो. आनुवंशिक आजारात लांब तंतू आधी हरतात आणि धनुर्वातात आखूड तंतूंतून संकट आधी पोचते, ही दोन टोके शेजारी ठेवली की अंतर या एकाच गोष्टीचा शरीरावर किती ताबा आहे हे दिसते. बांधावर उगवणारी कळलावी आणि दारातली सदाफुली यांचाही येथे संबंध येतो. कळलावीतील कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटून नळ्या जुळू देत नाही. शारदानगरच्या कृषी महाविद्यालयासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ते गुणसूत्रे दुप्पट करणारे रसायन म्हणून माहीत असते, कारण बिनबियांच्या कलिंगडाच्या पैदाशीत त्याचा उपयोग होतो. सदाफुलीतील व्हिनक्रिस्टिन रक्ताच्या कर्करोगावर दिले जाते आणि त्याने काही मुलांचे पाऊल तात्पुरते लोंबू लागते, कारण कर्करोगपेशींच्या विभाजनाबरोबर चेतातंतूतील मार्गही त्याने बिघडतो.

तपासणीसाठी लागते ते जांभळ्या झाकणाच्या नळीतील काही मिलिलिटर रक्त. ते तालुक्यात घेऊन कुरिअरने प्रयोगशाळेत पाठवता येते, ही गेल्या काही वर्षांतील मोठी सोय आहे, आणि २०१९ पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने प्राथमिक तपासण्यांसाठी पुण्याच्या खेपा कमी झाल्या आहेत. अडचण उत्तर आल्यावर सुरू होते. इंग्रजीतील अनेक पानांच्या अहवालात पुष्कळदा ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असा निष्कर्ष असतो, म्हणजे बदल सापडला आहे पण तो रोगकारक आहे की केवळ घराण्याचे वेगळेपण आहे, हे ठरवता येत नाही. जगातील जनुकीय माहितीसाठ्यांत युरोपीय वंशाच्या लोकांची नोंद फार मोठी असल्याने भारतीयांत सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही तेथे दुर्मीळ आणि म्हणून संशयास्पद वाटतो. इंडिजेन प्रकल्पात एक हजारांहून अधिक आणि जीनोम इंडिया प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेल्यामुळे ही उणीव भरून निघू लागली आहे. दरम्यान अनिश्चित बदलाचा निवाडा करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग घरातच असतो: तोच बदल बाधित नातेवाइकांत आहे का आणि म्हाताऱ्या, ठणठणीत नातेवाइकांत नाही का, हे पाहणे. त्यासाठी पुन्हा त्या सासरी गेलेल्या बहिणी आणि आत्या लागतात.

ऊसतोडीच्या हंगामात हे काम आणखी अवघड होते. माळेगाव, सोमेश्वर किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यांसाठी मराठवाड्यातून येणारी कोयत्यावरची जोडपी काही महिने कोप्यांत राहतात. त्यांच्या मुलाच्या चालण्यातला दोष येथे दिसतो, रक्त येथे घेतले जाते, आणि अहवाल येईपर्यंत पट्टा पडून कुटुंब गावी गेलेले असते. अशा वेळी मुकादमाऐवजी गावाकडच्या आशाताईंचा संपर्क आधीच नोंदवून ठेवलेला बरा, कारण पुढच्या हंगामात तेच कुटुंब याच कारखान्यावर येईल याची खात्री नसते.

उपचाराबद्दल खरे तेच सांगावे लागते. वाहतूक दुरुस्त करणारे सर्रास वापरता येईल असे औषध आज नाही. परदेशात केआयएफ१ए च्या एखाद-दुसऱ्या बालरुग्णासाठी खास बेतलेले, सदोष प्रतीचा संदेश दाबणारे औषध तयार करून दिले गेले आहे, पण त्यावरून गावातल्या मुलाला आशा दाखवणे योग्य नाही. ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनसारखी औषधे, टाचेच्या स्नायूला रोजचा ताण देणारे व्यायाम, घोट्याला आधार देणारा पट्टा, उंच पायरीऐवजी उतार आणि शौचालयात भिंतीला धरायला दांडा, एवढ्यावर अनेकांचे चालणे पुष्कळ वर्षे टिकते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये चिरकारी चेताविकारांचा समावेश असल्याने ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि त्यावरच्या सवलती मिळवता येतात. ज्याचे पाय उभे असताना धडधाकट दिसतात त्याला मात्र तपासणी मंडळापुढे चालून दाखवण्याचा आग्रह धरायला सांगावे लागते. गर्भावस्थेत निदान करायचे असल्यास १९९४ च्या कायद्याने नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठी ते करता येते, गर्भलिंग सांगण्यास मात्र बंदी आहे, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने काही घरे तपासणीलाच घाबरतात.

लक्षणे नसलेल्या लहान भावंडांची तपासणी करून द्या, हा आग्रह जवळजवळ प्रत्येक घरी होतो, आणि मुलगी असेल तर त्यामागे लग्नाची काळजी असते. ज्या आजाराला आधी कळून टाळण्याजोगा उपाय नाही, त्याची तपासणी मूल सज्ञान होऊन स्वतः ठरवेपर्यंत करू नये, हा सर्वत्र मान्य संकेत येथेही पाळणे आवश्यक आहे. सोयरिकीच्या बाजारात जनुकीय अहवालाचा कागद फिरू लागला, तर त्याची किंमत मुलीच चुकवतील. त्याऐवजी त्या भावंडांची दरवर्षी साधी शारीरिक तपासणी व्हावी, आणि कुटुंबाने अहवालाबरोबर जनुकवाचनाची मूळ संगणकीय फाइलही प्रयोगशाळेकडून मागून घेऊन जपून ठेवावी, म्हणजे माहितीसाठे वाढतील तसे दर दोन-तीन वर्षांनी तिचे पुन्हा विश्लेषण करून घेता येईल. आज अनिश्चित ठरलेल्या बदलांपैकी काहींचा निकाल अशा फेरविश्लेषणातून लागतो, आणि त्या वेळी मूळ वंशावळीच्या कागदावर आत्यांची, मावश्यांची आणि त्यांच्या मुलांची नावे पत्त्यांसह लिहिलेली असतील, तरच तो निकाल त्यांच्यापर्यंत पोचवता येतो.